खोकडाचें पोट आणि आपलें ताट

मांस न खाणाऱ्या माणसास पट्टकृमीचें भय नाहीं, अशी एक समजूत आपल्या घरांतून फार दिवसांपासून रुजलेली आहे. ती सर्वस्वीं खोटी आहे असें म्हणतां येत नाहीं. कारण अर्धवट शिजलेल्या मांसाबरोबर आंतड्यांत शिरणारे मोठे पट्टकृमि शाकाहारी पंक्तींत सहसा येत नाहींत. परंतु याच वर्गांतील एक अतिशय लहान कृमि असा आहे, कीं त्याला माणसाच्या आहाराशीं कांहीं कर्तव्य नाहीं. तो राहतो कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या किंवा खोकडाच्या आंतड्यांत; त्याचीं अंडीं पडतात मातींत; आणि मातींतून तीं नीट न धुतलेल्या कोथिंबिरीच्या जुडीबरोबर सोवळ्याच्या स्वयंपाकघरांतही येऊं शकतात. या कृमीच्याच एका भावंडासाठीं युरोपांत रानांतील खोकडांच्या पोटांची वर्षानुवर्षें झडती चालू आहे. ती झडती कशी घेतात, तीवरून काय कळतें, आणि आपल्या नाशिकाकडे झडती घ्यावयाची तर ती कोणाची, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

विषय किळसवाणा आहे खरा. जेवणाच्या पाटावर बसून हा लेख वाचूं नये, एवढी सूचना आरंभींच करून ठेवितों.

पट्टकृमि म्हटला कीं कित्येक हात लांबीची पांढरी फीत डोळ्यांपुढें येते. हा तसा नव्हे. याची लांबी २ ते ७ मिलिमीटर, म्हणजे कणीपासून तांदळाच्या दाण्यापर्यंत. शरीराचीं पेरें तीनचार. शास्त्रीय नांव इकायनोकॉकस. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'काटेरी दाणा' असा कांहींसा होतो, आणि डोक्याभोंवतीं आंकड्यांचें कडें असल्यामुळें तें नांव त्यास शोभतेंही. एका कुत्र्याच्या आंतड्यांत असे हजारों कृमि सुखानें नांदतात, आणि कुत्रा मात्र धडधाकट दिसतो. शेवटचें पेर पिकलें म्हणजे गळून विष्ठेबरोबर बाहेर पडतें व त्यांतील अंडीं मातींत विखुरतात. अंडें इतकें सूक्ष्म, कीं पंचवीस-तीस अंडीं एका ओळींत मांडावींत तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरावा.

हें अंडें मेंढी, शेळी, गाय, म्हैस किंवा डुक्कर यांच्या पोटांत चाऱ्याबरोबर गेलें, कीं त्यांतून निघालेला भ्रूण आंतड्याची भिंत भेदून रक्ताबरोबर यकृतांत किंवा फुप्फुसांत जातो, आणि तेथें पाण्यानें भरलेली एक पिशवी तयार होते. तिला आपण जलकोश म्हणूं. डॉक्टर तिला हायडॅटिड म्हणतात. कोशाच्या आंत भावी कृमींचीं असंख्य सूक्ष्म डोकीं तयार असतात. त्या जनावराचें यकृत कुत्र्यानें खाल्लें, कीं एकेका डोक्याचा एकेक कृमि होतो, आणि चक्र पुरें होतें. माणूस या चक्रांतला नव्हे. चुकून त्याच्या तोंडांत अंडें गेलें, तर त्याच्याही यकृतांत जलकोश वाढतो. पण माणसाचें यकृत कुत्र्याच्या तोंडीं पडत नाहीं, म्हणून कृमीला तेथून पुढें वाट नाहीं. कृमीचें कांहीं साधत नाहीं आणि माणसाचा जीव मात्र टांगणीस लागतो. जनावरांच्या पोटांतील पिशव्या कुत्र्यांस खाऊं घालून त्यांच्या आंतड्यांत हे कृमि प्रत्यक्ष वाढवून दाखविले, ते जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फॉन सीबोल्ड यांनीं, १८५० नंतरच्या दशकांत. तोंपर्यंत पिशवी आणि कृमि हीं एकाच प्राण्याचीं दोन रूपें आहेत, हें नक्की ठरलेलें नव्हतें.

आपल्या चरकसंहितेंत विमानस्थानांत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत, व त्यांत कफज कृमींचें वर्णन करतांना कांहीं पांढरे व पट्ट्यासारखे रुंद असतात, कांहीं गांडुळासारखे असतात, असें म्हटलेलें आहे. पट्ट्यासारखे म्हणजे आजचे पट्टकृमि असावेत असें वाटणें साहजिक आहे. मात्र येथें सावध राहिलें पाहिजे. मिलिमीटरांत मोजावयाचा, कुत्र्याच्या आंतड्यांत लपलेला हा कृमि त्या ग्रंथकारांस ठाऊक होता, असें म्हणण्यास कांहींएक आधार नाहीं. 'आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं माहीत होतें' असें म्हणणाऱ्यांपैकीं मी नव्हे. त्यांस जें खरोखर माहीत होतें तेंच पुष्कळ आहे. त्यांनीं कृमींवरील उपायांचे तीन भाग केले : अपकर्षण म्हणजे कृमि बाहेर काढणें, प्रकृतिविघात म्हणजे तो जगेल अशी स्थिति मोडणें, आणि निदानपरिवर्जन म्हणजे मूळ कारणच टाळणें. हे तीन शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें उपयोगीं पडतील.

आतां आहाराशीं संबंध नाहीं असें जें वर म्हटलें, त्याचें एक उदाहरण. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यांत नोकरीस असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईस उजव्या बरगडीखालीं जडपणा वाटूं लागला. वय साठीच्या पुढें. पित्त असेल म्हणून वर्षभर घरगुती औषधें झालीं. शेवटीं सोनोग्राफी केली, तेव्हां यकृतांत मोसंब्याएवढी पाण्याची पिशवी दिसली. मुलगा घाबरून मला बरोबर घेऊन गेला, म्हणून पुढचें संभाषण मीं स्वतः ऐकलें.

डॉक्टरांनीं विचारलें, "आजी, तुमच्या घरीं कधीं कुत्रा होता का?"

बाई चिडल्या. म्हणाल्या, "अहो डॉक्टर, आमच्याकडे पानांत कधीं अंडें आलेलें नाहीं, आणि कुत्र्याला मीं ओसरीवर कधीं चढूं दिलें नाहीं."

"ओसरीवर चढला नसेल, पण अंगणांत येत होता ना?"

बाई गप्प झाल्या. मग आठवून म्हणाल्या, सिन्नरकडे माहेरीं मळा होता, मळ्यावर राखणीचीं दोन कुत्रीं होतीं, मेंढरांचे कळप मळ्यांत बसत, आणि आम्ही पोरें मुळा उपटून, पदरास पुसून तेथेंच खात असूं. डॉक्टर म्हणाले, "तेव्हांचेंच असेल असें मी म्हणत नाहीं. पण ही पिशवी पुष्कळ वर्षांची असूं शकते. ती फार हळू वाढते." बाईंस आधीं कांहीं दिवस अल्बेंडाझोल हें औषध देऊन मग शस्त्रक्रिया झाली, व त्या बऱ्या झाल्या. परंतु रोगाच्या दुःखापेक्षां 'मांसाहाऱ्यांचा रोग मला कसा झाला' याचेंच दुःख त्यांस अधिक होतें, व तें घालविण्यास मला दोनतीन वेळां त्यांच्या घरीं जावें लागलें.

जलकोश झालेल्या दहा रुग्णांपैकीं सुमारें सात जणांचा कोश यकृतांत असतो, दोघांचा फुप्फुसांत, उरलेल्याचा इतरत्र. कोश शांत असेल तर वर्षानुवर्षें कळतही नाहीं. तो आंतल्या आंत फुटला तर मात्र त्या पाण्यानें शरीर एकाएकीं खवळून प्राणावर बेतूं शकतें, आणि सांडलेल्या डोक्यांपासून पोटांत नवे कोश धरतात. म्हणून अशा पिशवीस वाटेल त्यानें सुई लावूं नये.

हा झाला कुत्र्याचा कृमि. त्याचें भावंड खोकडांत राहतें, आणि तें याहून फार दुष्ट आहे.

येथें भाषेचा एक घोळ निस्तरला पाहिजे. इंग्रजी गोष्टींच्या भाषांतरांतून जो 'कोल्हा' आपल्या मुलांस भेटतो, तो खरा कोल्हा नव्हेच. आपला कोल्हा म्हणजे संस्कृतांतील शृगाल किंवा जंबुक. पंचतंत्रांतील करटक आणि दमनक हे त्या जातीचे. युरोपांतील धूर्त प्राणी म्हणजे खोकड. त्यास वैदिक भाषेंत लोपाश असा शब्द आढळतो. आपल्याकडे माळरानांत राहणारें, शेपटीचें टोंक काळें असलेलें, मांजराहून थोडें मोठें असें जें जनावर, तें भारतीय खोकड. उंदीर, किडे, सरडे आणि हंगामांत बोरें, असा त्याचा आहार. युरोपांतील तांबडें खोकड याहून मोठें असतें. शिक्षकांनीं तरी हा भेद मुलांस सांगावा, असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

तांबड्या खोकडांतील कृमीचें नांव इकायनोकॉकस मल्टिलॉक्युलॅरिस. याची कोशावस्था मेंढ्यांत नव्हे, तर रानउंदरांत वाढते. उंदीर खोकड खातें, आणि चक्र रानांतल्या रानांतच पुरें होतें. माणसाच्या पोटांत याचें अंडें गेलें तर एक गोल पिशवी होत नाहीं. यकृतांत बारीक बारीक कोशांचें जाळें कर्करोगासारखें पसरत जातें. अंडें गेल्यापासून दुखणें जाणवेपर्यंत पांच ते पंधरा वर्षें जातात, आणि उपचार न झाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. २०१० सालच्या एका अंदाजाप्रमाणें जगांत या रोगाचे दरवर्षीं सुमारें १८,००० नवे रुग्ण होतात, व त्यांतील दहांपैकीं नऊ चीन देशांत, मुख्यतः पश्चिमेकडील पठारांवर.

जपानच्या उत्तरेस रेबुन नांवाचें लहानसें बेट आहे. १९२० नंतरच्या दशकांत तेथें उंदरांचा नायनाट व्हावा आणि कातडींही मिळावींत, म्हणून कुरील बेटांवरून खोकडें आणून सोडलीं. खोकडांबरोबर कृमि आला. पुढील कांहीं दशकांत त्या चिमुकल्या बेटावर शंभराहून अधिक माणसें या रोगानें पछाडलीं. शेवटीं बेटावरील खोकडें व कुत्रीं मारून टाकावीं लागलीं. मोठ्या होक्काइडो बेटावर मात्र १९६५ सालापासून हा कृमि आढळूं लागला, आणि तेथून तो हटलेला नाहीं.

युरोपांतील कथा निराळी आणि विचार करावयास लावणारी आहे. तेथें खोकडांमुळें पिसाळी पसरे. १९७८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें खाद्यांत लस घालून ती रानांत टाकण्याचा प्रयोग प्रथम झाला. तो इतका यशस्वी झाला कीं स्वित्झर्लंड १९९९ सालीं व जर्मनी २००८ सालीं पिसाळींतून मुक्त झालें. पिसाळीनें मरणारीं खोकडें वांचलीं, त्यांची संख्या वाढली, आणि तीं झुरिचसारख्या शहरांच्या बागांतूनही वावरूं लागलीं. त्यांच्याबरोबर कृमीही बागेंत आला. एक रोग जिंकला म्हणून दुसऱ्यास दार उघडावें, असें कोणाच्याही मनांत नव्हतें; पण तसें झालें. यासाठींच तेथें खोकडांवर सतत नजर ठेवावी लागते.

नजर ठेवणें म्हणजे काय? शिकाऱ्यांनीं मारलेलीं व रस्त्यावर मोटारीखालीं सांपडलेलीं खोकडें प्रयोगशाळेंत आणतात. लगेच पोट फाडीत नाहींत. कारण तपासणाराच्याच पोटांत अंडें जाण्याचें भय असतें. घरांतल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांतील उणे २० अंशांची थंडी हीं अंडीं सहज सोसतात. म्हणून आंतडीं शून्याखालीं ८० अंशांवर कांहीं दिवस गोठवून ठेवितात, तेव्हां कोठें अंडीं मरतात. मग आंतडें चिरून, धुऊन, पाणी वारंवार निवूं देतात व तळाशीं बसलेल्या गाळांतील कृमि सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतात. दुसरी रीत आंतड्याची आंतली बाजू कांचपट्ट्यांवर खरवडून घेण्याची. ती सोपी आहे, पण पहिल्या रीतीनें बाधित ठरलेल्या शंभर खोकडांतील सुमारें अठ्ठ्याहत्तरच तींत सांपडतात. तिसरी रीत खोकड न मारतां, त्याच्या विष्ठेंत कृमीचे अंश किंवा डी.एन्.ए. शोधण्याची. नुसतीं अंडीं पाहून भागत नाहीं. कारण या घातक कृमीचें अंडें आणि त्याच कुळांतील इतर पट्टकृमींचें अंडें सूक्ष्मदर्शकाखालीं अगदीं सारखें दिसतें.

आतां गणिताचा भाग. माझा तो आवडता विषय नसला तरी खेड्यांतल्या शाळेंत संस्कृताबरोबर गणितही शिकवावें लागलें, त्याचा येथें उपयोग होतो. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड व नॉर्वे या देशांत खोकडाचा हा कृमि नाहीं असें मानलें जातें, व तेथें येणाऱ्या पाळीव कुत्र्यास पोंचण्यापूर्वीं एक ते पांच दिवसांच्या आंत पट्टकृमीचें औषध देणें सक्तीचें आहे. पण 'नाहीं' असें म्हणावयाचें कशावरून? सारींच खोकडें तर तपासतां येत नाहींत. म्हणून युरोपांतील नियम असा झाला : शंभरांत एक जरी खोकड बाधित असेल, तरी तें सांपडण्याचा संभव शंभरांत पंचाण्णव असावा, इतकीं खोकडें दरवर्षीं तपासावींत.

तीं किती होतात तें पाहूं. शंभरांत एक बाधित असेल, तर हातीं आलेलें पहिलें खोकड निर्दोष निघण्याचा संभव ९९/१००. पहिलीं दोन्ही निर्दोष निघण्याचा संभव ९९/१०० गुणिले ९९/१००. असें गुणीत गेलें म्हणजे २९९ व्या खोकडापाशीं तो संभव शंभरांत पांचाच्या खालीं उतरतो. म्हणजे तीनशें खोकडें तपासून एकही बाधित न निघालें, तर 'शंभरांत एकाहून कमी' असें बऱ्यापैकीं धीरानें म्हणतां येतें. परंतु खरवडण्याच्या रीतींत शंभरांतील बावीस निसटत असल्यामुळें तीनशेंचे सुमारें तीनशें ऐंशीं करावे लागतात. वाचकांतील मुलांनीं हा गुणाकार एकदां करून पाहावा; मोठ्यांनींही करण्यास हरकत नाहीं.

मात्र 'शंभरांत एकाहून कमी' म्हणजे 'मुळींच नाहीं' नव्हे. स्वीडन देशांत अशीच दरवर्षीं पाहणी चालू होती, व कृमि सांपडत नव्हता. २०११ सालीं एका खोकडांत तो सांपडला. मग त्या वर्षीं सुमारें तीन हजार खोकडें तपासलीं, तेव्हां त्यांत अवघीं तीन बाधित निघालीं. हजारांत एक! आतां मागचाच गुणाकार हजारांत एक या मानानें करावा : तीनशें खोकडें तपासलीं तर सर्वच्या सर्व निर्दोष निघण्याचा संभव शंभरांत चौऱ्याहत्तर येतो. म्हणजे चार वर्षांपैकीं तीन वर्षें पाहणीचा कागद कोरा यावयाचा, आणि कृमि रानांत असावयाचाच. यांत पाहणी करणारांचा दोष कांहीं नाहीं. त्यांनीं जेवढें वचन दिलें तेवढेंच पाळलें. वाचणारा त्याहून अधिक वाचतो, तें त्याच्या पदरचें.

हें सर्व आपल्यास कशास हवें, असें कोणी विचारील. महाराष्ट्राच्या माळांवर खोकडाच्या त्या दुष्ट कृमीचें राज्य नाहीं. आपल्याकडे आहे तो कुत्र्याचा, जलकोश करणारा कृमि. परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयांतील अभ्यासकांनीं परदेशीय सहकाऱ्यांबरोबर केलेलें एक संशोधन २००९ सालीं प्रसिद्ध झालें. कापलेल्या जनावरांतील जलकोश घेऊन त्यांच्या डी.एन्.ए. वरून कृमीच्या पोटजाती ठरविल्या, तेव्हां म्हशीची म्हणून ओळखली जाणारी पोटजात अर्ध्याहून अधिक कोशांत निघाली. म्हैस हें आपल्या दुधाचें जनावर. तिची आणि गांवकुत्र्याची गांठ गोठ्याच्या दारांत रोज पडते. भारतांत या रोगानें होणारें नुकसान दरवर्षीं सुमारें ११४७ कोटी रुपयांचें असावें, असा अंदाज २०१४ सालीं मांडला गेला आहे. त्यांतील मोठा भाग जनावरांचा.

तेव्हां आपल्या रानांत झडती घ्यावयाची ती खोकडाची नव्हे, कुत्र्याची. खोकड बिचारें येथें आरोपी नसून बहुधा फिर्यादी आहे. सोलापूरजवळ नान्नज येथें माळढोक पक्ष्यांचें अभयारण्य आहे. त्याच्या आसपास गांवचे कुत्रे आणि भारतीय खोकडें यांचीं रक्तें तपासून केलेला अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादि विषाणूंच्या खुणा बहुतेक कुत्र्यांच्या रक्तांत सांपडल्या, आणि त्यांहून कमी प्रमाणांत, पण निश्चितपणें, खोकडांतही सांपडल्या. तो अभ्यास विषाणूंचा होता, कृमींचा नव्हे. परंतु माळावर एकाच वाटेनें जाणाऱ्या या दोन प्राण्यांत रोगांची देवघेव होते, एवढें त्यावरून दिसतें. आपल्या येवलें तालुक्यांत ममदापूर-राजापूरकडे काळवीटांसाठीं राखलेलें माळरान आहे. तेथेंही कळप, कुत्रे आणि रानचीं जनावरें एकाच पाणवठ्यावर येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें खोकडास अभय दिलें असल्यामुळें त्याचें पोट फाडण्याचा प्रश्न आपल्याकडे उद्भवतच नाहीं. पाहणी करावयाची ती विष्ठेवरून, आणि तीही शिकलेल्या हातांनीं. उत्साही विद्यार्थ्यांनीं हें काम अंगावर घेऊं नये, हें मुद्दाम सांगतों.

कुत्र्यांचें बळ वाढण्यास एक कारण आकाशांतूनही आलें आहे. पूर्वीं मेलेलें जनावर गांवाबाहेर टाकलें कीं घटकाभरांत गिधाडें उतरत आणि काळीज, यकृत कांहींएक शिल्लक ठेवीत नसत. जनावरांस दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध त्या मढ्यांतून गिधाडांच्या पोटांत गेलें, आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळांत हजारांत एक उरावी इतकी घसरली. २००६ सालीं जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. आपल्या जिल्ह्यांत अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडें अजून वसतात, आणि हरसूलजवळ खोरीपाडा येथें वनखात्यानें व गांवकऱ्यांनीं त्यांच्यासाठीं मढीं ठेवण्याची जागाही केली. परंतु गांवोगांवीं गिधाडांनीं सोडलेल्या पंक्तीवर आतां कुत्रे बसले आहेत. २०१९ च्या पशुगणनेंत देशांतील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारें १ कोटी ५३ लाख भरली. गिधाडानें खाल्लेल्या यकृतांतून हा कृमि पुढें जात नाहीं. कुत्र्यानें खाल्लेल्या यकृतांतून जातो.

कुत्र्यांचा हा कृमि हटविलेल्या देशांचा इतिहास येथें उपयोगी आहे. आइसलंड हा एके काळीं जलकोशानें सर्वांत गांजलेल्या देशांपैकीं एक. १८६३ सालीं हाराल्ड क्राबे नांवाचा डॅनिश विद्वान् तेथें गेला. त्यानें शंभर कुत्रे तपासले, त्यांत अठ्ठावीसांत हा कृमि निघाला. त्यानें एक लहानशी पुस्तिका लिहिली, आणि १८६४ सालीं ती लोकांत फुकट वांटण्यांत आली. लांबच्या लांब हिवाळी रात्रीं घरांतील एकानें मोठ्यानें वाचावें आणि इतरांनीं लोंकर कांतीत ऐकावें, अशी त्या लोकांची रीत होती. पुस्तिकेस श्रोते आयतेच होते. पुढें कुत्र्यांवर कर बसला, कोश जाळण्याचे वा पुरण्याचे कायदे झाले, आणि शतकाच्या आंत रोग जवळजवळ नाहींसा झाला. न्यूझीलंडनें १९५९ सालीं कायदा करून कुत्र्यांची नियमित तपासणी सुरू केली, व २००२ सालीं हा रोग तूर्त नाहींसा झाल्याचें जाहीर केलें. तेथें कुत्र्यास रेच देऊन पोट तपासण्यासाठीं जें द्रव्य वापरीत, तें अरेकोलीन; म्हणजे आपल्या सुपारीचा अर्क! आपण जेवणानंतर जी सुपारी कातरतों, तिच्या सत्त्वानें दक्षिण गोलार्धांतील हजारों कुत्र्यांचीं पोटें तपासलीं गेलीं, हें वाचून मला गंमत वाटली.

आतां मघांचे तीन शब्द. अपकर्षण म्हणजे येथें कुत्र्याच्या पोटांतील कृमि काढणें. प्राझिक्वांटेल हें औषध तें काम उत्तम करतें. पण सर्वच जंतांचीं औषधें पट्टकृमीवर चालत नाहींत, हें कुत्रा पाळणाऱ्यांनीं पशुवैद्यास विचारून घ्यावें. नवा कृमि पिकून अंडीं टाकूं लागण्यास सुमारें सहा आठवडे लागतात. म्हणून बाधेच्या प्रदेशांत तेवढ्या अंतरानें औषध दिलें तर अंडीं पडतच नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशांत भटके कुत्रे परत सोडण्यापूर्वीं निर्बीजीकरण व लसीकरण यांबरोबर जंतनाशनही सांगितलें आहे. एकदां दिलेली गोळी सहा आठवड्यांपुरती, हें मात्र त्या कामावरील मंडळींनीं ध्यानांत घेतलें पाहिजे. प्रकृतिविघात म्हणजे चक्र मोडणें : कापलेल्या जनावराचें कोश असलेलें यकृत व फुप्फुस कुत्र्यांपुढें न फेंकतां जाळणें किंवा खोल पुरणें. हें खाटिकखान्याचें, मांसाच्या दुकानांचें आणि नगरपालिकांचें काम. आपण नागरिक म्हणून त्याचा जाब विचारूं शकतों. मेंढपाळांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. रानांत मेलेलें मेंढरूं कोठें पुरावें, याची सोय त्यांस कोणी करून दिलेली नाहीं.

निदानपरिवर्जन तें आपल्या स्वयंपाकघरांतलें. शिजलेल्या भाजीचें भय नाहीं. उकळींत हीं अंडीं वांचत नाहींत. प्रश्न कच्च्याचा : कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, कांद्याची पात, झाडाखालीं वेंचलेलीं बोरें आणि जांभळें. हीं वाहत्या पाण्याखालीं चोळून, पाणी पुनःपुन्हां बदलून धुवावींत. औषधी पाण्यांत बुडवून ठेविलें कीं झालें असें मानूं नये. सामान्य जंतुनाशक द्रव्यांस हीं अंडीं दाद देत नाहींत, तीं घासून वाहून घालवावीं लागतात. भाजी निवडणाऱ्या बाईनें निवडल्यावर हात साबणानें धुवावे, नखें आखूड ठेवावींत. कुत्र्यास हात लावलेल्या मुलानें तसाच लाडवाचा डबा उघडूं नये. आपल्या घरांतल्या वडील स्त्रिया बाहेरून आल्यावर हातपाय धुवावयास लावीत, त्याची आपण थट्टा केली. या कृमीपुरती तरी त्यांची बाजू खरी आहे. मात्र सोवळें नेसून न धुतलेली कोथिंबीर आमटीवर भुरभुरली, तर सोवळें तिला अडवीत नाहीं.

राहिली झडती. नाशिकांत ती कोणी मनावर घेतली, तर आरंभास तीनशें कुत्रीं लागतीलच असें नाहीं. तीनशें हा आंकडा शंभरांत एक शोधावयाचा असतो तेव्हांचा. खाटिकखान्याच्या मागें, मांसबाजाराच्या गल्लींत, मेंढरांच्या तळापाशीं जेथें दहांत एक कुत्रा बाधित असेल, तेथें तोच गुणाकार ९/१० नें करावयाचा. आणि तो एकुणतिसाव्या कुत्र्यापाशींच शंभरांत पांचाच्या खालीं उतरतो. तपासणीची रीत कांहीं बाधित कुत्रीं चुकविते असें धरून चाळीस नमुने घ्यावे. चाळीस कुत्रे आमच्या नाशिक रोडला एका बाजारापुढें संध्याकाळीं मोजतां येतात.